तीन इंच माया

जूनमध्ये शिवून आणलेला मुलीचा शाळेचा फ्रॉक गुडघ्याखाली दोन बोटं येतो. जानेवारीत, गॅदरिंगच्या दिवसांत, तोच फ्रॉक गुडघ्याच्या वर गेलेला असतो. अकराव्या-बाराव्या वर्षी मुली सर्वात झपाट्याने वाढतात, वर्षाला ६ ते ८ सेंटीमीटर, आणि या वाढीत आधी पाय लांबतात, धड मागाहून. त्यात छाती भरू लागली की पुढचं कापड वर ओढलं जातं. त्यामुळे मागून व्यवस्थित दिसणारा फ्रॉक पुढून इंच-दीड इंच आखूड दिसतो. शिवणकाम येणाऱ्या कुणालाही हे बघताक्षणी कळतं. पण प्रार्थनेच्या रांगेत उभ्या असलेल्या मुलीला ऐकू येतं ते असं: "केवढा आखूड झालाय फ्रॉक! उद्या आईला घेऊन ये."

दोन वर्षांनी, आठवी-नववीत, मुलांची वाढ सुरू होते. पँट घोट्यावर चढते, मोजे दिसू लागतात. त्याला म्हणतात, "अरे, काय ताडमाड वाढलास रे!" हाडं दोघांचीही वाढली, कापड दोघांचंही अपुरं पडलं. एकाच्या वाट्याला कौतुक आलं, दुसरीच्या वाट्याला घरी चिठ्ठी.

यावरचा उपाय शिवणकामात फार जुना आहे. शिवणीच्या आत जास्तीचं कापड राखून ठेवतात, त्याला माया म्हणतात. हा शब्द ज्याने पहिल्यांदा वापरला त्याला कापडाइतकंच माणसाचंही कळत असणार. वाढत्या मुलीच्या फ्रॉकला खाली ३ इंचांची दुमड हवी. दोन्ही कुशींना पुढच्या-मागच्या भागांत एकेक इंच माया हवी, म्हणजे शिवणीपुरतं कापड सोडूनही घेर अडीच इंचांपर्यंत वाढवता येतो. कंबरेच्या जोडावर अर्धा-पाऊण इंच जास्त ठेवला तर छाती भरल्यावर पुढचा भाग खाली उतरवता येतो. तयार गणवेशात हे क्वचितच सापडतं. शेकडो फ्रॉक एकदम कापताना प्रत्येकी दोन-अडीच इंच कापड वाचलं तर ताग्यांमागे चांगलीच बचत होते, म्हणून दुमड इंचभराची आणि कुशीची शिवण अर्ध्या इंचाची. म्हणजे मुलगी ज्या गोष्टीसाठी बोलणी खाते ती गोष्ट जूनच्याही आधी, कापणीच्या टेबलावर ठरून गेलेली असते.

बाईच्या कपड्याकडे बघून तिच्याबद्दल मत बनवायची सवय अशीच घडते. कपड्यात काहीतरी कमी-जास्त असतं आणि त्याचा दोष अंगावर टाकला जातो.

तयार कुर्तीचं उदाहरण घ्या. कारखान्यातलं माप छातीवरून ठरतं. अंगाचं माप ३६ असेल तर हालचालीसाठी ३-४ इंच सैल धरून कुर्ती ३९-४० इंचांची कापतात, आणि खांदा, मुंढा (बाही जोडतात तो घेर), गळा, सीट (नितंबाचा घेर) ही बाकीची मापं त्याच प्रमाणात वाढवत नेतात. शरीरं अशी प्रमाणात वाढत नाहीत. जिची छाती भरलेली आणि खांदे अरुंद, तिने छातीला बसणारी कुर्ती घेतली की गळा घसरतो, खांद्याची शिवण दंडावर येते. खांद्याला बसणारी घेतली की छातीवर ताण पडतो. शर्टाचं तर याहून वाईट. बटणं ठरावीक अंतरावर, साधारण साडेतीन इंचांवर लावत जातात. छातीच्या सगळ्यात उंच रेषेवर नेमकं बटण आलं नाही, तर दोन बटणांच्या मधे कापड तोंड उघडतं. उपाय सोपा आहे: पहिलं बटण त्या रेषेवर धरायचं आणि बाकीची तिथून वर-खाली मोजायची. किंवा आतून एक छोटं प्रेस बटण. कापणाऱ्याने हे केलं नाही म्हणून ती बाई दिवसभर फाइल छातीशी धरून चालते, आणि मागून कुणीतरी म्हणतं, "जरा सैल घालत जा की." त्याच मापाची तीच कुर्ती सडपातळ मैत्रिणीच्या अंगावर 'साधी' ठरलेली असते.

फिक्या रंगांचं असंच. गणवेश किंवा कार्यालयीन पोशाख 'सौम्य रंगाचा' असावा असं सांगितलं जातं. सौम्य म्हणजे पांढरा, मोतिया, फिकट निळा. हेच रंग सगळ्यात जास्त आरपार दिसतात. दुकानात कापड घेताना हाताचा पंजा कापडाखाली धरून ट्यूबलाइटखाली बघावं. नखं वेगळी दिसली तर अस्तराशिवाय ते कापड चालणार नाही. अस्तर लावलं की शिलाई वाढते आणि मे महिन्यात घामाने अंग भिजतं. आत पांढरी स्लिप घातली तर ती आणखी उठून दिसते, अंगाच्या रंगाची घातली तर दिसत नाही, हे अनेकींना उशिरा कळतं. नियम करणाऱ्यांनी रंग सांगितला. कापड किती दाट असावं, अस्तराचा खर्च कुणी करायचा, हे बाईवर सोपवलं. पुरुषाच्या पांढऱ्या शर्टातून आतलं बनियन दिसतं, त्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही.

आता साडी. सभ्यतेचं माप म्हणून आपल्याकडे शेवटी साडीचंच नाव घेतात, म्हणून तिच्याकडे जरा जवळून बघू.

सहावारी म्हणजे साधारण साडेपाच मीटर कापड. परकराची नाडी बेंबीवर किंवा बोटभर खाली बांधायची, एक वेढा घ्यायचा, पाच-पाच इंचांच्या सहा-सात निऱ्या घालून खोचायच्या आणि उरलेलं कापड फिरवून डाव्या खांद्यावर पदर घ्यायचा. ब्लाऊजची उंची खांद्यापासून १३ ते १५ इंच. ब्लाऊजची खालची कड आणि परकराची नाडी यांच्या मधे जी जागा राहते ती पुढून पदराने झाकली जाते. डाव्या कुशीला आणि पाठीला ती उघडी असते. धड लांब असेल तर चार-पाच बोटं, आखूड असेल तर दोन. फळ्यावर लिहायला किंवा बसचा दांडा धरायला हात वर केला की ब्लाऊज आणखी इंच-दोन इंच सरकतो. मागचा गळा सात-आठ इंच खोल असणं आता अगदी नेहमीचं. यात वावगं काहीच नाही. उष्ण प्रदेशात शतकानुशतकं वापरून तयार झालेलं हे वस्त्र आहे, वारा खेळता ठेवणारं. पण जे कार्यालय या साडीला 'पूर्ण पोशाख' म्हणतं, तेच गळ्यापासून घोट्यापर्यंत झाकणाऱ्या कुर्ता-जीन्सला 'अशोभनीय' म्हणतं. मोजपट्टी लावून बघितलं तर हे कुठेही जुळत नाही.

नऊवारीत तर आणखी गंमत आहे. सव्वाआठ मीटर कापड, आत परकर नाही, काष्टा दोन पायांच्या मधून मागे नेऊन खोचलेला. म्हणजे प्रत्येक पायाला वेगळं वेढणारं वस्त्र, जसं पँट असतं. भात लावणीला उभ्या राहणाऱ्या बायका ते गुडघ्यापर्यंत वर घेतात, कोळणींची नेसण तर मुळातच आखूड. पोटऱ्या उघड्या असतात आणि चिखलात तशाच असायला हव्यात. याच महाराष्ट्रात शहरातल्या मुली नऊवारी सोडून 'गोल साडी' नेसू लागल्या तेव्हा घराघरांत नाकं मुरडली गेली. काष्टा सोडणं हा फाजीलपणा वाटला होता. आज तीच गोल साडी 'आपली परंपरा' म्हणून नातींना दाखवली जाते.

ही गोल नेसण तरी किती जुनी? सत्येंद्रनाथ टागोर हे सनदी नोकरीत निवडले गेलेले पहिले भारतीय. ते मुंबई इलाख्यात रुजू झाले, तेव्हा त्यांच्या पत्नी ज्ञानदानंदिनी देवी १८६०च्या दशकात मुंबईत आल्या. बंगालात घरात आत परकर-ब्लाऊज न घालता नुसती साडी नेसायचे, तशी ती नेसून चारचौघांत जाणं शक्य नव्हतं. मुंबईत त्यांनी पारशी बायकांची नेसण पाहिली, ती उचलली, उजवा हात मोकळा राहावा म्हणून पदर डाव्या खांद्यावर घेतला, आत परकर आणि ब्लाऊज घातला. आज देशभर चालणाऱ्या नेसणीच्या घडणीत त्यांचा मोठा वाटा आहे. एका बाईला घराबाहेर पडायचं होतं, या गरजेतून ही नेसण आली. त्याच नेसणीच्या नावाने आता बायकांना अडवलं जातं, हे मनाला लागतं.

झाकणं म्हणजे सभ्यता, हे तरी सगळीकडे खरं होतं का? दक्षिणेतल्या त्रावणकोर संस्थानात नाडर जातीच्या बायकांनी छाती झाकली म्हणून त्यांच्यावर हल्ले झाले, अंगावरची वस्त्रं फाडली गेली. छाती झाकण्याचा मान फक्त वरच्या जातींच्या बायकांचा, असा तिथला दंडक होता. बायका अनेक दशकं लढल्या तेव्हा कुठे १८५९ साली संस्थानाने त्यांना वरचं वस्त्र घ्यायची मुभा दिली, आणि तेव्हाही वरच्या जातींसारखं नेसायला मनाई ठेवलीच. म्हणजे तिथे गुन्हा ठरत होता तो अंग झाकण्याचा.

आपल्याकडचे अलीकडचे नियम वाचताना एक-एक शब्द सुटा करून बघावा लागतो. डिसेंबर २०२०मध्ये राज्य शासनाने सरकारी कर्मचाऱ्यांसाठी पोशाखाचं परिपत्रक काढलं. जीन्स आणि टी-शर्ट नको, स्लिपर नको, गडद रंगांचे किंवा चित्रविचित्र नक्षीचे कपडे नकोत, शुक्रवारी खादी वापरावी. स्त्रियांनी साडी, सलवार किंवा चुडीदार-कुर्ता, किंवा ट्राउझरवर कुर्ता अथवा शर्ट घालावा, आणि आवश्यक असल्यास दुपट्टा. जीन्सबद्दल तेव्हा भरपूर लिहिलं गेलं, आणि पुढे काही महिन्यांत ती बंदी सैलही झाली. मला मात्र त्यातला 'आवश्यक असल्यास' हा शब्द सगळ्यात जड वाटतो. दुपट्टा कधी आवश्यक होतो? कुर्त्याच्या कापडावरून, गळ्यावरून, की घालणारीच्या छातीच्या मापावरून? आणि ते कुणी ठरवायचं? साहेबांनी, आस्थापना विभागातल्या बाईंनी, की समोरच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने? चप्पल आहे की बूट, जीन्स आहे की सुती पँट, हे कुणालाही बघून सांगता येतं. 'आवश्यक' हे बघून सांगायचं तर कपड्याकडे नव्हे, अंगाकडे बघावं लागतं. पुरुषांच्या शर्टावर 'आवश्यक असल्यास' घ्यायचं असं काही त्या कागदावर नव्हतं.

मंदिरांच्या दारातल्या फलकांचं तेच. शिर्डीला डिसेंबर २०२०मध्ये सभ्य पोशाखाचं आवाहन करणारे फलक लागले. तुळजापूरला मे २०२३मध्ये लागले आणि काही तासांतच काढले गेले. मुंबईच्या सिद्धिविनायक मंदिराने जानेवारी २०२५मध्ये पोशाखाची अट जाहीर केली. देवाच्या दारात काय घालून जावं याबद्दल भाविकांच्या भावना खऱ्या असतात आणि त्या मानाव्यात. पण हाफ पँट चालणार नाही हे वाक्य आणि उत्तेजक कपडे चालणार नाहीत हे वाक्य, ही दोन वेगळ्या जातीची वाक्यं आहेत. पहिलं पुरुषाला आणि बाईला सारखंच लागू होतं आणि वाद न होता पाळता येतं. दुसऱ्यात कपड्याचं काहीच वर्णन नाही, बघणाऱ्याला काय वाटलं त्याचं आहे. आणि ते वाटून घ्यायचं काम येतं दारावरच्या सुरक्षा रक्षकावर, ज्याला कुणी कधी शिकवलेलं नसतं. मग साठीच्या आजींना स्लीव्हलेस ब्लाऊजमध्ये आत सोडलं जातं आणि वीस वर्षांच्या मुलीला त्याच बाहीसाठी बाजूला घेतलं जातं.

चांगला लिहिलेला नियम कसा असतो ते वकिलांच्या पोशाखात दिसतं. बार कौन्सिलच्या नियमांत स्त्री वकिलांसाठी काळं जॅकेट किंवा ब्लाऊज, पांढरी कॉलर आणि बँड (गळ्याशी लावायच्या पांढऱ्या पट्ट्या), गाऊन. साडी किंवा लांब स्कर्ट, पांढरा, काळा किंवा नक्षी नसलेला सौम्य रंग. किंवा पंजाबी ड्रेस, ओढणीसह अथवा ओढणीशिवाय. ते 'ओढणीशिवाय' स्पष्ट छापलेलं आहे. पुरुषांसाठीही कोट, पँट, धोतर सगळं नावानिशी आहे, आणि जीन्सला मनाई आहे. कुणाच्या अंगाबद्दल एक शब्दही नाही.

मोजता येणारा नियम तेवढ्यानेच न्याय्य होतो असं मात्र नाही. जुलै २०२१मध्ये नॉर्वेच्या महिला बीच हँडबॉल संघाने बल्गेरियातल्या युरोपीय स्पर्धेत बिकिनीऐवजी चड्डी घातली म्हणून प्रत्येक खेळाडूला १५० युरो, एकूण १,५०० युरो दंड झाला. नियम सेंटीमीटरमध्ये होता: बायकांच्या बिकिनीची कडेची पट्टी जास्तीत जास्त १० सेंटीमीटर, पुरुषांची चड्डी गुडघ्याच्या १० सेंटीमीटर वरपर्यंत चालेल. आकडा तोच, एकीकडे कापड कमी करायला आणि दुसरीकडे राखायला वापरलेला. त्याच वर्षाच्या शेवटी नियम बदलावा लागला. कशासाठी मोजतोय हे सांगता आलं नाही की मोजपट्टीही तेच काम करते जे 'शोभनीय' हा शब्द करतो.

पोशाखाचा खरा, जीव वाचवणारा नियम हवा असतो तिथे तो बहुतेक वेळा नसतो. ओढणीची लांबी सव्वादोन ते अडीच मीटर. जॉर्जेटची असेल तर खांद्यावर ठरत नाही, म्हणून पिना लावतात. आणि पिनेने घट्ट अडकवलेली ओढणीच चाकात गेली तर सुटत नाही, गळा आवळते. सायकल रिक्षा, मोटरसायकल, मळणी यंत्र, कडबा कापायचं यंत्र, सगळीकडे हाच अपघात. दुचाकीवर ओढणी घ्यायचीच तर ती दोन्ही टोकांनी कमरेला बांधावी किंवा काढून पिशवीत ठेवावी. गळ्याभोवती फास पडेल अशी तर मुळीच नको. शाळेत मुलीला ओढणी पिनअप करायला सांगणारे लोक हे मात्र सांगत नाहीत.

या बाबतीत दोन कायदे शेजारी ठेवून वाचण्यासारखे आहेत. १९४८च्या कारखाने कायद्याचं २२वं कलम सांगत होतं की चालू यंत्राची तपासणी, वंगण देणं अशी कामं अंगाबरोबरचे कपडे घातलेल्या प्रशिक्षित पुरुषाने करावीत, आणि ते कपडे मालकाने पुरवावेत. बाईला मात्र चालू यंत्राच्या धोक्याच्या भागाची सफाई करायलाच मनाई. तिला घट्ट कपडे पुरवण्याचा विचार कुणाला सुचला नाही, तिचं काम काढून घेणं सुचलं. दुसरा, १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३वा. मोटरसायकलला मागे बसणाऱ्यासाठी हाताने धरायची कडी हवी, पाय ठेवायला जागा हवी, आणि कपडे चाकात अडकू नयेत म्हणून मागच्या चाकाचा किमान निम्मा भाग झाकणारं संरक्षण हवं. आपण त्याला साडी गार्ड म्हणतो. या नियमाने साडी बदलायला सांगितलं नाही, बाईला एका बाजूला बसू नकोस असं म्हटलं नाही. चाकाला जाळी लावायला सांगितली. कितीतरी जणींचे जीव या लोखंडी जाळीने वाचले असतील. पोरं गाडी स्टायलिश दिसावी म्हणून ती काढून टाकतात, ती काढू देऊ नये.

ज्यांना कार्यालयासाठी, शाळेसाठी पोशाखाचा नियम लिहायचाच आहे त्यांनी प्रत्येक अटीपुढे कारण लिहून बघावं. प्रयोगशाळेत झाकलेले बूट, कारण ॲसिड सांडतं. स्वयंपाकघरात सुती कापड, कारण नायलॉन पेटलं की अंगाला चिकटतं. जिथे कारणाच्या जागी 'बरं दिसत नाही' एवढंच उरतं, ती अट खोडावी. मग बाई आणि पुरुष ही नावं अदलाबदल करून तोच कागद पुन्हा वाचावा. आणि गणवेश सक्तीचा असेल तर कापड, अस्तर, शिलाई आणि वर्षातून एकदा माप वाढवून देण्याचा खर्च संस्थेने करावा.

न्यायालयांनाही हे कळायला वेळ लागला. बलात्काराच्या खटल्यात फिर्यादी बाईचं चारित्र्य सैल आहे असं दाखवायची मुभा पुरावा कायद्यात होती. ती २००२च्या दुरुस्तीने गेली. ऑगस्ट २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने न्यायाधीशांसाठी पुस्तिका काढली, त्यात बाईच्या कपड्यांवरून तिची संमती किंवा स्वभाव ठरवू नये असं सांगावं लागलं. बेंगळुरूमध्ये जस्मीन पाथेजा यांचा ब्लँक नॉइज हा गट २००३पासून छेडछाडीविरुद्ध काम करतो. छेडछाड झाली तेव्हा अंगावर असलेले कपडे तिथे बायका आणून देतात. त्यांत शाळेचे गणवेशही असतात.

तर तो जानेवारीतला फ्रॉक. दुमडीत माया असेल तर तुरपाई उसवायची, धागे वेचून काढायचे. जुन्या दुमडीची रेघ राहते. पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं घेऊन फडका ओला करावा, तो रेघेवर ठेवून इस्त्री फिरवावी, आधी आतल्या बाजूला थोडं करून रंग जात नाही ना ते बघावं. तरीही रेघ उरली तर तिच्यावरून गणवेशाच्याच रंगाची बारीक पायपीन टाकावी. मुलीला उभी करून, बूट घालून, पुढून आणि मागून जमिनीपासून माप घ्यावं, कारण पुढचं कापड जास्त सोडावं लागणार आहे. मग नवी दुमड अर्ध्या इंचाची आणि बारीक तुरपाई. माया नसेल तर त्याच रंगाच्या कापडाची तीन इंचांची पट्टी आडवी जोडावी. रविवारी दुपारी पाऊण तासात होतं, सोमवारच्या प्रार्थनेच्या आधी.